सव्वा लाख आणि बेनचे बारा दिवस

"ही गेली त्याला येत्या आषाढात वर्ष होईल. शिकवण्या घेऊन तिने स्वतःच्या नावावर सव्वा लाखाची एफडी केली होती. 'हे गरिबांसाठी' एवढंच म्हणाली होती; कोणते गरीब, ते विचारायचं राहिलं. मी वीज मंडळातून निवृत्त, पेन्शन पुरते. मुलगा टोरोंटोत आहे. तो म्हणतो, बाबा, आफ्रिकेत मच्छरदाण्यांना द्या, तिथे एका रुपयाचं काम इथल्यापेक्षा जास्त होतं. तक्तेही पाठवलेत. मेहुणी म्हणते, दारात गरीब असताना आफ्रिका कशाला, मंदिरात अन्नदान करा. सूरसागर तलावाच्या पाळीवर रोज भेटणारे मित्र म्हणतात, गरिबी कधी हटली आहे का, नातवाच्या नावावर ठेवा. त्यातच घरकामाला येणाऱ्या बेन दहा हजार उसने मागताहेत. २०२४ च्या पुरात त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, तेव्हा काढलेलं कर्ज शंभराला पाचने चालू आहे. मुलाला टायफॉईड झाला म्हणून चैत्रात त्या बारा दिवस आल्या नाहीत, त्याचे पैसे मी नियमाप्रमाणे कापले. एकदा दिले की सवय लागते असं ऐकतो. हिच्या हिशेबाच्या वहीत ठिकठिकाणी 'बे. ५००', 'बे. ३००' असं लिहिलंय, त्याचाही उलगडा होत नाही. काय करावं?"
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

काका,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सव्वा लाख दिसले, दुसऱ्यांदा ते कापलेले बारा दिवस. म्हणून सुरुवात तिथूनच करते, रागावू नका.

बेनचा पगार तुम्ही लिहिला नाही. झाडू-पोता-भांडी मिळून अडीच हजार धरू. म्हणजे बारा दिवसांचे हजार रुपये गेले, तेही मुलाच्या औषधपाण्यात घरात पैसा नसण्याच्या महिन्यात. नियमाप्रमाणे म्हणता, पण कुठल्या नियमाप्रमाणे? तुम्ही मंडळात होतात तेव्हा आजारपणाची रजा होती, अर्धपगारी होती, मेडिकलची बिलं पास होत होती. बेनच्या नोकरीत रजेचा एकच प्रकार आहे, बिनपगारी. इतर घरांनीही असेच कापले असतील. पाच घरं असतील तर एका टायफॉईडचे पाच हजार झाले, डॉक्टर वेगळा.

आता ते दहा हजार. शंभराला पाच म्हणजे महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार, आणि मुद्दल जिथल्या तिथे. तुमच्या एफडीवर दहा हजारांना वर्षाकाठी सातशेच्या आसपास मिळत असतील. एकाच स्वयंपाकघरात दोन माणसं उभी आहेत आणि पैशाचा भाव एकाला सात टक्के, दुसरीला साठ. बेनने काटकसर करावी असं कुणी म्हणालं की मला हा हिशेब आठवतो.

तेव्हा दहा हजार द्या. पण काकूंच्या पैशातून नाही, तुमच्या पेन्शनीतून. बेनबरोबर जाऊन सावकाराचं खातं बंद करून या. तुमच्या सोबतीने गेल्या तर तो आकडे फिरवणार नाही. मग बेनने तेच पाचशे दर महिन्याला तुम्हाला द्यायचे, वीस महिन्यांत फिटतील. व्याज नको. कापलेले हजार आधी परत करा, ते यात मिसळू नका. सवय लागण्याचं म्हणाल, तर ती सध्या सावकाराला लागलेली आहे.

हे दान नव्हे बरं का. काकूंच्या सव्वा लाखाचा विचार पुढे करू. हे घरातलं देणं होतं, ते आधी फेडलं.

एक काम अजून, आणि त्याला पैसाही लागत नाही. बेनच्या कुटुंबाचं आयुष्मान कार्ड आहे का, आणि असलं तर चालू आहे का, ते पाहा. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर त्यावर उपचार होतात. गुजरातेत २०२३ पासून कुटुंबाला वर्षाला दहा लाखांपर्यंतची सोय आहे. साध्या तापाच्या गोळ्या त्यात येत नाहीत, पण सलाईन लावायची वेळ आली की येतात. तुमचा सव्वा लाख एकीकडे आणि हे कार्ड एकीकडे. बहुतेक वेळा अडतं कुठे? रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, ओटीपी जुन्या नंबरवर जातो, आणि ऑफिसच्या वेळेत बेन कुणाच्या तरी घरी भांडी घासत असतात. तुम्ही आयुष्यभर सरकारी फॉर्म भरलेत. एक दुपार खर्च करा.

अनिरुद्ध कृष्ण नावाच्या अभ्यासकाने ईशान्य गुजरातच्या ३६ खेड्यांत घरोघरी विचारलं की पंचवीस वर्षांपूर्वी तुमचं कसं होतं आणि आता कसं आहे. एकाच गावात काही घरं गरिबीतून वर येत होती आणि त्याच वेळी काही चांगली चाललेली घरं खाली घसरत होती. घसरण्याची कारणं ऐकाल तर ओळखीची वाटतील: सगळ्यात मोठं आजारपण आणि त्याचा खर्च, मग लग्न-मयताची जेवणं, मग चढ्या व्याजाचं कर्ज. तुमच्या बेनला पूर, ताप आणि शंभराला पाच हे तिन्ही दीड-दोन वर्षांत भेटले.

आता गंमत पाहा. हिशेबाने या बेन गरीब नाहीत!

जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अतिगरिबीची रेषा माणशी रोज तीन डॉलर अशी ठरवली. हे बाजारातले डॉलर नव्हेत, त्या त्या देशात तेवढ्यात काय येतं ते पाहून काढलेले. आपल्याकडे २०२१ च्या भावाने साधारण ६२ रुपये. पाच माणसांच्या घराला महिन्याला नऊ हजार तीनशे. बेन पाच घरं करत असतील, नवरा काही मिळवत असेल, म्हणजे त्या रेषेच्या वर. त्या रेषेखाली आज जगात सुमारे ८० कोटी माणसं आहेत आणि निम्म्याहून अधिक सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. भारतात याच मापाने २०११-१२ मध्ये २७ टक्के लोक खाली होते, २०२२-२३ मध्ये पाच टक्क्यांच्या जरा वर उरले. तेव्हा तुमचा मुलगा चुकीचं बोलत नाहीये. अगदी तळाची गरिबी आता जास्त करून तिकडे आहे, आणि मच्छरदाणी ही खरोखर स्वस्तात जीव वाचवणारी वस्तू आहे. मलेरियाने जगात दरवर्षी सहा लाखांच्या आसपास माणसं जातात, बहुतेक आफ्रिकेत, आणि त्यातली बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुलं.

फक्त रेषेच्या वर असणं आणि पायाखाली जमीन असणं, यात फरक आहे. रेषा कशा आखतात त्याची एक जुनी गोष्ट आपल्या गावाशी जोडलेली आहे. दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये इथे बडोद्याचे दिवाण होते, जेमतेम वर्षभर. मल्हारराव गायकवाड महाराजांचा तो काळ, कारभारात टिकणं अवघडच होतं. पुढे १८७६ मध्ये त्यांनी मुंबईत हिंदुस्थानच्या गरिबीवर निबंध वाचला. देशातल्या माणसाचं सरासरी उत्पन्न त्यांनी काढलं वर्षाला वीस रुपये. मग जगायला किती लागतं ते कसं ठरवावं? त्यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या शिध्याचा आणि कपड्याचा खर्च घेतला. निष्कर्ष असा, की गुन्हेगाराला सरकार जेवढं खायला-ल्यायला देतं, तेवढंही चांगल्या पिकाच्या वर्षातसुद्धा साध्या रयतेच्या वाट्याला धड येत नाही. आपल्याकडची गरिबीची पहिली मोजणी ही अशी, तुरुंगाच्या भाताने केलेली. आणि ती मोजताना दादाभाई कुणी आळशी आहे का ते पाहत नव्हते. पैसा देशातून कुठे वाहून जातो ते पाहत होते.

तुमच्या सूरसागरवाल्या मित्रांना हा आकडा सांगा. याच तीन डॉलरच्या मापाने १९९० मध्ये जगातले सुमारे २३० कोटी लोक अतिगरीब होते, लोकसंख्या होती ५३० कोटी. आज लोकसंख्या ८०० कोटींच्या वर आणि अतिगरीब ८० कोटी. हटत नाही काय म्हणता! मात्र हे दानपेट्यांनी झालेलं नाही, हेही खरं. एकट्या चीनमध्ये १९७८ नंतरच्या चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी माणसं वर आली, ती आधी शेती घरोघर सोपवल्यामुळे आणि मग कारखान्यांमुळे. आपल्याकडे रस्ते, वीज, रेशन, बँकेत थेट येणारा पैसा, शहरातली मजुरी. अलीकडच्या दहा वर्षांत वेग मंदावलाय, कारण उरलेली गरिबी जिथे लढाया आणि दुष्काळ आहेत तिथे घट्ट बसली आहे. मित्र ऐकणार नाहीत म्हणा. १९७१ च्या 'गरिबी हटाव'वर तेव्हा हसलेली माणसं आहेत ती.

बरं, सव्वा लाख.

मी तुम्हाला एका शाळेच्या ओसरीवर नेते. माझी धाकटी नणंद बारावी होऊन घरी बसली होती, तेव्हा, म्हणजे २००१-०२ च्या सुमाराला, आपल्या म्युनिसिपालिटीच्या शाळांत 'बालसखी' नेमत होते. महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं वर्गातून काढायची आणि दोन तास वेगळं बसवून फक्त वाचन आणि हिशेब घ्यायचा. जागा म्हणजे जिना नाहीतर ओसरी. मी एकदा तिला डबा द्यायला गेले होते. एक पोरगा धडा घडाघडा म्हणत होता, मला वाटलं हुशार आहे. नणंदेने त्याचं पुस्तक हळूच फिरवून दुसरं पान काढलं. पोरगा तोच धडा म्हणत राहिला. बोट एका ओळीवर, तोंड भलतीकडे. तीन वर्षं तो शाळेत होता, पट भरत होता, खिचडी खात होता, आणि त्याला अक्षर येत नव्हतं. मग तिने काड्यांचे गठ्ठे काढले, दहाचा एक, आणि त्याला बत्तीस मांडायला सांगितले. त्याने तीन गठ्ठे मांडले, दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि वर पाहिलं. तो चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हा ते आम्हाला एक तात्पुरतं काम वाटलं होतं. नंतर कळलं की हा जगभर गाजलेला प्रयोग होता. मुंबईत आणि बडोद्यात 'प्रथम' या संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी तो करत होते. काही शाळांत तिसरीला बालसखी, काहींत चौथीला, आणि मग परीक्षा घेऊन तुलना. मुलं खरंच पुढे गेली, आणि सगळ्यात जास्त मागची मुलं. खर्च एका मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर, तेव्हाचे शंभर रुपये. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल या दोघांना आणि मायकेल क्रेमर यांना मिळालं, ते गरिबीवर काय उपयोगी पडतं हे असं मोजून पाहण्यासाठी. (बॅनर्जींच्या आई माहेरच्या पाटणकर, एवढं सांगितल्याशिवाय कुठल्याही मराठी माणसाला राहवत नाही, मलाही नाही.) वर्गाप्रमाणे नव्हे तर मुलाला काय येतं तिथून शिकवायचं, ही पद्धत आता आफ्रिकेतल्या झांबियाच्या सरकारी शाळांत चालते. म्हणजे मुलगा आणि मेहुणी ज्यावरून भांडताहेत, इथे की आफ्रिकेत, त्याच्या मधोमध आपल्या म्युनिसिपालिटीची ओसरी आहे.

काकू शिकवण्या घ्यायच्या. मला तर त्यांच्या पैशाची वाट इथेच दिसते. सव्वा लाखातले निदान ऐंशी हजार मुलांना वाचायला शिकवण्याच्या कामाला द्या, एकाच संस्थेला, आणि देण्याआधी तिथे जाऊन एकच प्रश्न विचारा: मुलाला येतं की नाही, हे तुम्ही कसं तपासता? दप्तरं वाटल्याचे फोटो दाखवू लागले तर चहा घेऊन परत या.

ही वाट या गावाला नवी नाही. कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळ १८७५ मध्ये दत्तक येऊन सयाजीराव झाला तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. त्याच माणसाने १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१३ मध्ये एका हुशार पदवीधराला कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं दिले. पण तोच पदवीधर, डॉ. आंबेडकर, १९१७ मध्ये नोकरीवर रुजू व्हायला आला तेव्हा या शहरात जात कळल्यावर त्याला कुणी खोली दिली नाही. कमाटी बागेत झाडाखाली बसावं लागलं. साडेअकरा पौंड महाराजांनी दिले, खोली आपल्या आजोबा-पणजोबांनी द्यायची होती. तुमच्या पत्रात नाही म्हणून जोर देत नाही, पण बेनचा चहाचा कप कुठे ठेवलेला असतो?

उरलेल्या पंचेचाळीस हजारांचं. मेहुणी म्हणतील शिलाई मशीन द्या, सगळेच म्हणतात. आमच्या महिला मंडळाने एकीला दिलं होतं. सहा महिन्यांनी गेलो तर मशीनवर चादर, चादरीवर टीव्ही. तिच्याकडे कपडे शिवायला येणार कोण, हे आम्ही विचारलंच नव्हतं, आणि दोऱ्याची रिळं घ्यायलाही तिच्या हातात पैसा नव्हता. बांगलादेशच्या ब्रॅक संस्थेने २००२ पासून याचीच उलटी बाजू केली. अतिगरीब बाईला गाय किंवा शेळ्या द्यायच्या, पण सोबत काही महिने घरखर्चाला थोडी रोख, म्हणजे पहिल्याच अडचणीला गाय विकावी लागत नाही. शिवाय बचत, आणि दीड-दोन वर्षं कुणीतरी नियमाने घरी येऊन पाहणारं. गोदान करून मोकळं व्हायचं नाही. हेच सहा देशांत करून तपासलं, त्याचे निकाल २०१५ मध्ये आले: बहुतेक ठिकाणी घरं वर आली. बंगालमधल्या बायकांची तर दहा वर्षांनंतरही स्थिती बरी होती. होंडुरासमध्ये मात्र फसलं. तिथे बऱ्याच घरांनी कोंबड्या घेतल्या आणि त्या रोगाने मेल्या. हे असं सांगणारी संस्था मला आवडते. अशा कामाला पंचेचाळीस हजार द्यायला हरकत नाही. आणि कुणी म्हणालं की रोख दिली की दारूत जाते, तर जगभरच्या डझनाहून अधिक पाहण्या एकत्र करून तपासलं आहे: रोख मिळाल्याने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला दिसत नाही.

मच्छरदाण्यांचं मुलावर सोपवा. तुमचे रुपये बँकेत फॉर्म भरून, कमिशन देऊन, डॉलर करून पाठवण्यापेक्षा त्याने आपल्या पगारातून तिथूनच द्यावेत. कॅनडात नोंदलेल्या संस्थेला दिले तर त्याला करात सूटही मिळेल. आईच्या नावाने दे म्हणा. तक्ते त्याने काढलेत, आता पैसेही त्यालाच काढू द्या.

अन्नदान करावंसं वाटत असेल तर तिथीला करा, मन शांत होतं. दोन-चार हजारांत, पेन्शनीतून. त्याला गरिबीवरचा इलाज म्हणू नका म्हणजे झालं. संस्थेला देताना चेक किंवा ऑनलाइन द्या, पावती घ्या. दोन हजारांवर रोख दिलेत तर करसवलत मिळत नाही. तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर ती तशीही मिळणार नाही, तेव्हा त्यासाठी संस्था निवडू नका.

राहिली ती वही. 'बे. ५००', 'बे. ३००', ठिकठिकाणी. तुम्ही त्यात बँक शोधत असाल, बेसन शोधत असाल. तारखा पाहिल्यात का? पुराच्या आसपासच्या, शाळा उघडायच्या आसपासच्या? माझा अंदाज चुकीचाही असेल. उद्या सकाळी भांडी घासून झाली की वही घेऊन स्वयंपाकघरात जा आणि बेनलाच विचारा.